गोलंदाजी चालते, कर्णधारपद चालत नाही

नाशिकच्या पंचवटीतला राम काळा आहे. मूर्ती काळ्या पाषाणाची, म्हणून देऊळ काळारामाचे. पंचवटीतच गोऱ्या रामाचेही देऊळ आहे, आणि दोन्हीकडे माणसे सारख्याच भक्तीने हात जोडतात. पंढरीचा विठोबा सावळा. देवाचा काळा रंग मराठी माणसाला कधी खटकलेला नाही. तरीही २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चार-चारच्या रांगांनी या देवळाकडे निघाली, तेव्हा त्यांना दारे बंद मिळाली. दाराच्या आतला देव काळा होता आणि चालला. दाराबाहेरची माणसे दार अडवणाऱ्यांपेक्षा काळी होती असेही नाही. मग ती अडली कशावर?

या कोड्याला आणखी एक कोडे जोडून घेऊ. खेळाडूने वंशभेदाविरुद्ध गुडघा टेकला, मूठ उंचावली, दंडाला काळी फीत बांधली, की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणते, ‘खेळात राजकारण कशाला?’ वंशभेद म्हणजे काय हे एकदा नीट उमगले, तर या दुसऱ्या प्रश्नाचा गुंताही बराच सुटतो असे मला वाटते. आणि ते उमगण्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. पुणे, मुंबई आणि नाशिक एवढ्यात काम होते.

रंग ही नुसती चिठ्ठी

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. माणसांचे वेगवेगळे ‘वंश’ आहेत आणि त्यांची बुद्धी, शील, ताकद वेगवेगळी आहे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात शास्त्राच्या नावावर खपत होती. दुसऱ्या महायुद्धातल्या संहारानंतर युनेस्कोने जगभरातल्या अभ्यासकांना एकत्र बसवले आणि १९५० मध्ये एक निवेदन काढले. त्याचा गाभा असा, की असा भेद करायला जीवशास्त्रात आधार नाही. पुढे जनुकांचा अभ्यास वाढला. रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवले, की माणसामाणसांत जो काही जनुकीय फरक असतो त्यातला सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. म्हणजे एकाच गावातली दोन माणसे एकमेकांपासून जितकी वेगळी, त्यात दुसऱ्या खंडातल्या माणसामुळे फारशी भर पडत नाही. त्वचेचा रंग मुख्यतः पूर्वज कुठल्या उन्हात राहिले यावर ठरतो. गोलंदाजीची अचूकता त्यावर ठरत नाही.

वंश ही निसर्गातली भिंत नसेल, तर वंशभेद इतका टिकाऊ कसा?

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की पॅकहाउसमध्ये प्रतवारी चालते. मण्याची जाडी मोजतात, साखर किती भरली ते बघतात, डागाळलेले मणी कात्रीने काढतात. ही निवडच असते, पण तिच्यात अन्याय नसतो, कारण मोजले जाते ते द्राक्षच. आता समजा, कुणी मालाकडे न बघता क्रेटवरची चिठ्ठी बघू लागला. अमक्या शिवारातला माल पहिल्या प्रतीचा, तमक्या शिवारातला कितीही गोड असला तरी शेवटच्या प्रतीचा. दोन-चार हंगामांत त्या शिवाराला भाव मिळेनासा होतो, भाव नाही म्हणून फवारणीला पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून माल खरोखरच उतरतो. मग चिठ्ठी बघणारा म्हणतो, ‘बघा, मी आधीपासून सांगत होतो.’ एव्हाना प्रतवारी करणारी नवी पोरे कामावर आलेली असतात. त्यांच्या मनात त्या शिवाराविषयी राग नसतो. त्यांना शिकवलेलेच तसे असते.

वंशभेद असा चालतो. जन्मासोबत आलेल्या एखाद्या खुणेवरून माणसांचे गट पाडायचे, त्या गटांना वर-खाली लावायचे, आणि ही उतरंड टिकवण्याची सत्ता वरच्यांच्या हातात असायची. यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. खालच्या माणसाच्या मनात वरच्याविषयी चीड असू शकते, ती वाईटही असू शकते. पण शाळेचे दार, विहिरीचा दोर आणि निवड समितीची खुर्ची त्याच्या हातात नसते. म्हणून ‘त्यांच्याही मनात आमच्याविषयी द्वेष आहेच की’ हे उत्तर पुरे पडत नाही.

‘आम्ही प्रेमाने म्हणतो’

वंशभेदाविषयीचे बहुतेक वाद एका जागी अडतात. समोरचा म्हणतो, ‘माझ्या मनात तसे काही नव्हते.’ बहुतेकदा ते खरेही असते.

वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी २०२० मध्ये म्हणाला, की आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघात असताना त्याला ‘कालू’ म्हणून हाक मारली जायची. त्याला वाटायचे, शब्दाचा अर्थ तगडा घोडा असा काहीतरी असेल, म्हणून तोही हसायचा. खरा अर्थ कळला तेव्हा तो चिडला. नंतर संघातल्या एका सहकाऱ्याशी त्याचे बोलणे झाले. हाक प्रेमाची होती, असे त्याला सांगण्यात आले, आणि त्याने ते मान्य केले.

आपल्याही घरात सावळ्या पोराला ‘काळ्या’ म्हणतात आणि त्या हाकेत माया असते. पण ती हाक घरातली असते. तिच्यामागे तीनशे वर्षांची गुलामी उभी नसते. सॅमीचे पूर्वज कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत विकत आणलेले होते, आणि विकणाऱ्याने त्यांची ओळख त्वचेवरूनच ठरवली होती. हाक मारणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसेल. ज्याला हाक मारली त्याच्या अंगात तो मुरलेला असतो. इथे हाक मारणाऱ्याला राक्षस ठरवायचे कारण नाही, पण ‘मन स्वच्छ होते’ एवढ्यावर प्रकरण मिटवताही येत नाही. वंशभेद मनात असतो, वागण्यात असतो, आणि सर्वांत खोल तो व्यवस्थेत असतो. पहिले दोन गेले तरी तिसरा चालू राहू शकतो. हे कसे, ते मराठी क्रिकेटच्या इतिहासात अगदी जवळून दिसते.

पालवणकर बाळूंची शिडी

बाळू पालवणकर चर्मकार समाजातले. घराणे मूळ कोकणातल्या पालवणचे, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळूंनी खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे असे काम धरले. पगार महिन्याला ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये झाला. जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज सरावासाठी त्यांना तासन् तास गोलंदाजी करायला लावी. त्या सरावातून बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली. मात्र इतक्या वर्षांत त्या क्लबात त्यांच्या हातात कुणी एकदाही बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराने करायचे; फटके मारणे हे साहेबाचे.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी हा गोलंदाज हवा होता. वाद झाला. शेवटी बाळूंना घेतले. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्यांनी हाताळलेला तोच चेंडू झेलत. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. चेंडू विटाळत नाही, कप विटाळतो.

हा तपशील मला फार बोलका वाटतो. यात आंधळा द्वेष नाही, अगदी काटेकोर हिशेब आहे. जिथे बाळूंच्या कौशल्याने आपला फायदा, तिथे स्पर्श चालतो. जिथे बरोबरीने बसायची वेळ, तिथे चालत नाही.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला गेले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम दोघे होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मधल्या काळात कपबशी आणि ताट हे प्रश्न मिटले होते. शिडीची एक पायरी उरली होती, कर्णधारपद.

वर्षामागून वर्षे गेली. बाळू संघात सर्वांत ज्येष्ठ, तरी कर्णधार दुसरेच कुणी होई. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांच्या सत्कार समारंभात खुद्द पै यांनी सांगितले, की हा मान खरे तर बाळूंना मिळायला हवा होता. कर्णधार स्वतः उमदा माणूस. संघातल्या खेळाडूंना बाळूंविषयी आदर. तरीही निवड दर वर्षी तशीच. कुणा एकाकडे बोट दाखवून ‘हा वाईट’ असे म्हणता येत नाही, आणि अन्याय मात्र होतच राहतो. व्यवस्थेतला भेद म्हणजे हे.

कर्णधारपदावरच सगळे अडले यालाही कारण आहे. गोलंदाज आज्ञा पाळतो, कर्णधार ती देतो. बाळू कर्णधार झाले असते तर ब्राह्मण खेळाडूला ‘तू तिकडे उभा राहा’ असे एका चर्मकाराने हजारो लोकांसमोर सांगितले असते. उतरंडीला कौशल्याची भीती वाटत नाही, कौशल्य तिला वापरताच येते. भीती वाटते ती अधिकाराची. जगात इतरत्रही असेच झाले. वेस्ट इंडीज १९२८ पासून कसोटी खेळत होते, कृष्णवर्णीय फलंदाज आणि गोलंदाज त्यांना सामने जिंकून देत होते. पण कृष्णवर्णीय माणसाची पूर्ण मालिकेसाठी कर्णधार म्हणून नेमणूक व्हायला १९६० साल उजाडले. तो मान फ्रँक वॉरेल यांचा. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये खेळायला उतरला, पण पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक नेमला जायला १९७४ उजाडावे लागले.

मुंबईत १९२० मध्ये हा प्रश्न फुटला. चार समाजांच्या संघांत होणाऱ्या चौरंगी सामन्यांसाठी पुन्हा पै कर्णधार आणि बाळू संघाबाहेर. विठ्ठल आणि शिवराम हे बाळूंचे धाकटे भाऊ त्या वेळी भरात होते. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण जाहीरपणे सांगितले. निवड गुणांवर होत नाही, जातीवर होते, आणि हे स्वाभिमानाला सोसणारे नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधींच्या असहकाराने देश ढवळून निघत होता, अस्पृश्यतेचा प्रश्न काँग्रेसच्या व्यासपीठावर आला होता, आणि या दोन खेळाडूंच्या बाजूने लोकमत उभे राहिले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने ती स्पर्धा जिंकली.

खेळाडूंच्या निषेधाच्या जागतिक इतिहासात ही घटना १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधल्या उंचावलेल्या मुठींच्या ४८ वर्षे आधीची आहे. मराठी शाळेतल्या मुलाला ती माहीत नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जात म्हणजे वंशच का?

इथे वाचक विचारेल, की पालवणकरांच्या बाबतीत प्रश्न जातीचा होता, वंशाचा कुठे? शंका रास्त आहे. बाबासाहेबांनीच जातीचा वांशिक उगम नाकारला होता. १९३६ च्या ‘जातिसंहार’ या गाजलेल्या, होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी म्हटले, की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार हे एकाच वंशाचे आहेत. काळ्या रामाच्या दारात रंगाचा प्रश्न नव्हता, तो यामुळेच.

दोहोंत व्यवहारातला मोठा फरक ओळख पटवण्याचा. त्वचा लांबून दिसते. जात दिसत नाही, म्हणून ती विचारून काढावी लागते. नाशिकमध्ये भाड्याने खोली शोधणाऱ्या मुलाला हे सांगावे लागत नाही. ‘नाव काय?’ असे विचारल्यावर त्याने नाव सांगितले, की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘पूर्ण नाव?’ त्यावरही उलगडा झाला नाही तर, ‘गाव कुठले?’

यंत्रणा मात्र सारखीच आहे, आणि तिचा मुख्य खिळाही एकच आहे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना वाचलेल्या निबंधात तो नेमका दाखवला होता. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या बंधनावर. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी सरकारने १९४९ मध्ये अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक केला तो गोऱ्यांच्या इतरांशी होणाऱ्या लग्नांवर बंदी घालणारा. अमेरिकेच्या अनेक राज्यांत अशी बंदी १९६७ पर्यंत होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती त्या वर्षी रद्द केली. लग्नाची भिंत पडली की पुढच्या पिढीत चिठ्ठी कुणाला लावायची हेच कळेनासे होते. भिंतीवर एवढा पहारा असतो तो म्हणून.

मराठी विचारवंतांना हे साम्य फार आधीपासून दिसले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे द्यायच्या निवेदनाची चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ काढली, तेव्हा नाव अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले.

आंतरराष्ट्रीय कायद्यात हा वाद अजून धुमसतो. १९६५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वांशिक भेदभावाची व्याख्या वंश, वर्ण, कूळ आणि राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ अशा आधारांवर केली आहे. यातला ‘कूळ’ हा आधार भारताच्याच सूचनेवरून आला. २००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे अशी भूमिका घेतली. २००२ मध्ये कराराच्या देखरेख समितीने कुळात जात येते असा अर्थ लावला. भारताला तो मान्य नाही. माझ्या मते दोन्ही एक नाहीत, पण चिठ्ठी बघून माणूस नाकारण्याची पद्धत एकच आहे. आपल्या राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही नावे एका ओळीत ठेवतो, तो याच समजेतून.

रथाचा दोर कुणी धरायचा

नाशिकचा सत्याग्रह खेळाडूंचा नव्हता. पण त्यात एक दिवस असा आला, की सगळा प्रश्न अंगच्या ताकदीवर आणि दोरावर येऊन ठेपला.

रामनवमीनंतर एकादशीला नाशिकमध्ये रथ निघतात. आजही हा मान तालमींकडे आहे. रामरथ रास्ते आखाडा तालीम संघाचे लोक ओढतात, गरुडरथ अहिल्याराम व्यायामशाळेचे. ९ एप्रिल १९३० च्या रथोत्सवाआधी तडजोड ठरली, की दोन्ही बाजूंच्या बलदंड माणसांनी मिळून रथ ओढायचा. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या दुपारचे वर्णन केले आहे. बाबासाहेब निवडक माणसे घेऊन तयार होते. पण अस्पृश्यांचा हात दोराला लागण्याआधीच भांडण उकरून दुसऱ्या बाजूने रथ पळवला आणि एका अरुंद, पोलिसांचा पहारा असलेल्या गल्लीत घातला. कद्रेकर नावाचा भंडारी तरुण पोलिसांचे कडे तोडून आत घुसला. त्याच्या मागून सत्याग्रही धावले, दगडांचा वर्षाव झाला, रथ गाठला गेला. कद्रेकर रक्तबंबाळ होऊन कोसळला. बाबासाहेबांवर धरलेली छत्री मोडली आणि त्यांनाही लागले.

सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षे चालवला. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्राने कळवले, की आता तो थांबवावा. देवळात जाऊन पूजा करणे हा हेतू कधीच नव्हता, लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

बाळू पालवणकरांनी धर्मांतराच्या या विचाराला विरोध केला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही होती. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. एकाच अन्यायाने पोळलेल्या दोन मोठ्या माणसांचे मार्ग वेगळे झाले. ‘खेळाडूने कोणती भूमिका घ्यावी’ याचे एकच बरोबर उत्तर असते असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. व्यवस्थेच्या आत राहून पायरी पायरीने वर जाणे आणि ती व्यवस्थाच सोडून देणे, या दोन्हींना किंमत मोजावी लागते, आणि दोन्हींमागे स्वाभिमान असू शकतो.

‘खेळात राजकारण नको’

नाशिकमध्ये रणजी सामने जिथे होतात, सकाळी माणसे जिथे फेऱ्या मारतात, त्या मैदानाला सगळे ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारा आणि १९१० मध्ये फाशी गेलेला हा तरुण. त्याच्या नावाच्या मैदानावर क्रिकेट खेळताना आपल्याला राजकारण आडवे येत नाही. सामन्याआधी राष्ट्रगीत वाजते, तेव्हाही नाही. ज्या राजकारणाशी आपली सहमती असते ते डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम यांनी संघात राजकारण आणले नव्हते. ते निवड समितीच्या खोलीत आधीच बसलेले होते, या दोघांनी त्याचे नाव घेतले.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो. प्रत्येक खेळाडू प्रत्येक सामन्यात आपापला झेंडा घेऊन उतरला तर? एकाला वर्णभेद, दुसऱ्याला युद्ध, तिसऱ्याला धर्म. संघाचा गणवेश सगळ्यांचा असतो, त्यावर एकाचे मत कसे चालेल? यातून वाट काढायची तर निदान एवढा फरक करायला हवा, की तक्रार खेळाच्याच उंबरठ्याविषयी आहे की बाहेरच्या जगाविषयी. मैदानावर कोण उभे राहणार, कुणाला शिव्या सोसाव्या लागणार, कोण कर्णधार होणार, यावरची तक्रार खेळाबाहेरची म्हणताच येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून अपशब्द ऐकू आले. कर्णधार होता शेजारच्या संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे. त्याने पंचांकडे तक्रार नेली, खेळ थांबला. मैदान सोडून जायचा पर्याय पंचांनी दिला, तेव्हा आम्ही खेळायला आलो आहोत म्हणत तो संघासह तिथेच राहिला. बाहेर काढलेले सहा प्रेक्षक दोषी नव्हते असे पुढे निघाले, पण वांशिक शेरेबाजी झाली होती हे ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने मान्य केले.

चौकट : नियम काय म्हणतात
ऑलिंपिक सनदेचा ५० वा नियम स्पर्धेच्या जागी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचाराला मनाई करतो. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकआधी तो सैल झाला. सामना सुरू होण्याआधी मत व्यक्त करता येते, पदक घेताना आणि खेळ चालू असताना नाही. क्रिकेटमध्ये बूट, फीत, बॅट यांवरच्या संदेशाला आधी परवानगी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला बुटावरची ‘सगळे जीव समान आहेत’ अशा अर्थाची ओळ झाकावी लागली, आणि काळ्या फितीबद्दल समज मिळाली.

परवानगीचा गुडघा

१६ ऑक्टोबर १९६८. मेक्सिको सिटीत २०० मीटर शर्यतीचे पदकवितरण. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकी धावपटूंनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. पायांत बूट नव्हते, काळे मोजे होते. कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याची ती खूण. रौप्यपदक मिळवलेला गोरा ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मन याने त्यांच्या चळवळीचा बिल्ला छातीवर लावला. स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून काढून घरी पाठवले. नॉर्मनला १९७२ च्या ऑलिंपिकला नेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

२४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारतीय क्रिकेट संघ पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी अमेरिकेतल्या वंशभेदाच्या निषेधार्थ गुडघ्यावर बसला. संघ व्यवस्थापनाने तसे कळवले होते, असे विराट कोहलीने सांगितले. दोनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेच्या क्विंटन डी कॉकने गुडघा टेकण्याच्या मंडळाच्या आदेशावरून सामना सोडला, मग माफी मागून पुढच्या सामन्यात तो टेकला. डी कॉकचा हट्ट मला पटला नाही, पण त्याने दाखवलेली अडचण खरी आहे. आदेशावरून केलेला निषेध कवायत होऊन बसतो. कोण मनापासून बसला आणि कोण नियम म्हणून, हे कळायला मार्ग उरत नाही.

भारतीय संघाच्या त्या गुडघ्याने कुणाचे नुकसान झाले नाही आणि कुणाला जोखीमही पत्करावी लागली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, टोकियोत महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला, त्या रात्री हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घराबाहेर फटाके वाजवले गेले, आणि संघात दलित फार झाले म्हणून हरला अशी शिवीगाळ झाली, अशी तक्रार तिच्या घरच्यांनी केली. पोलिसांनी अटकही केली. याच वंदनाने चार दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. संघाची कर्णधार राणी रामपाल तिच्या बाजूने उघड बोलली. क्रिकेटपटूंना अमेरिकेतल्या अन्यायासाठी गुडघा टेकायला सांगणारे कुणी तरी होते. रोशनाबादसाठी सांगणारे कुणी नव्हते, आणि न सांगता कुणी टेकला नाही. आपल्या मैदानांवर निषेधाची वेळ येईल ती अशा, कुणीही आदेश न दिलेल्या दिवशी. वंदना २०२५ मध्ये ३२० आंतरराष्ट्रीय सामने खेळून निवृत्त झाली.